बुटके वरंबे आणि हिमनदीचा गाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हजारो वर्षांपूर्वी हिमनद्या ज्या सपाट मुलखातून मागे हटल्या, तिथे जमिनीवर एकामागून एक असे ठेंगणे वरंबे दिसतात. कुठे उंची जेमतेम अर्धा मीटर, कुठे चार-पाच मीटर. पायी चालणाऱ्याला ते जाणवतही नाहीत, पण वरून पाहिलं की सरी-वरंबे पाडलेल्या रानासारखे उठून दिसतात. हे वरंबे कसे बनले, हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा वरंब्याच्या पोटातल्या गाळात असतं. हा गाळ खणण्यात आणि मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

एवढ्याशा वरंब्यांचा अभ्यास कशासाठी?

मोठ्या हिमोढांमुळे, म्हणजे हिमनदीने रचलेल्या गाळाच्या ढिगांमुळे, ती कुठे बराच काळ थांबली ते कळतं. बुटक्या वरंब्यांमुळे ती थांबत नव्हती तेव्हा काय करत होती ते कळू शकतं: दर वर्षी किती मागे हटली, मधेच मुसंडी मारून पुढे धावली का, बर्फाला तळातून भेगा पडल्या होत्या का, तळाशी पाणी किती दाबाखाली होतं. आजच्या हिमस्तरांचं पुढे काय होईल याचे आडाखे बांधताना नेमकी हीच माहिती लागते, आणि आजच्या बर्फाखाली जाऊन ती मिळवणं फार अवघड असतं. जुन्या हिमनदीचा तळ मात्र आज उघड्यावर पडलेला आहे. फावडं घेऊन तिथे जाता येतं.

आता लायडारचे, म्हणजे विमानातून लेसर सोडून जमिनीची उंची मोजणाऱ्या तंत्राचे, इतके बारीक नकाशे मिळतात. आकार पाहूनच का सांगता येत नाही?

कारण वेगवेगळ्या वाटांनी एकाच आकाराला पोचता येतं. हिमनदीच्या वाहण्याच्या दिशेला आडवा, दोन मीटर उंच, शंभरेक मीटर अंतराने पुन्हा पुन्हा येणारा वरंबा घ्या. हिवाळ्यात किंचित पुढे सरकलेल्या बर्फाच्या तोंडाने तो ढकलून केलेला असू शकतो. बर्फाच्या तळाला पडलेल्या भेगेत खालचा चिखल वर दाबला जाऊनही तो बनू शकतो. बर्फाखालीच गाळाला लाटांसारख्या घड्या पडल्या, तरी वरून तेच चित्र दिसतं.

नकाशाचा उपयोग मोठा आहे, हे मी नाकारत नाही. वरंब्यांमधलं अंतर, त्यांची वक्रता, ते एकमेकांना छेदतात का, दोन्ही उतार सारखे आहेत का, हे सगळं नकाशाच सांगतो. काही शक्यता तिथेच बाद होतात. पण उरलेल्या दोन-तीन शक्यतांमध्ये निवाडा करायला गाळच लागतो. फक्त आकारावरून ठामपणे निष्कर्ष काढलेला लेख वाचताना मी आधी एकच पाहतो: यांनी कुठे खणलं होतं?

अशा वरंब्यांचे मुख्य प्रकार कोणते?

ढकल-हिमोढ: हिमनदीचं तोंड पुढे सरकताना समोरचा गाळ बुलडोझरसारखा गोळा होतो. हे दर हिवाळ्यात घडलं तर वार्षिक हिमोढांची रांग तयार होते. थंडीत तोंडाजवळच्या पातळ बर्फाच्या तळाला गाळाची एक लादीच गोठून चिकटते, बर्फाबरोबर पुढे जाते आणि उन्हाळ्यात सुटते, असंही आइसलँडमध्ये दिसलं आहे.

भेग-वरंबे: बर्फाच्या तळापासून वर गेलेल्या भेगांमध्ये पाण्याने मऊ झालेला गाळ दाबाने शिरतो. नंतर बर्फ जागच्या जागी विरघळला तर भेगांच्या जाळ्याचा साचा जमिनीवर राहतो. आइसलँडच्या ब्रुआरयोकुल या हिमनदीने १८९० मध्ये आणि पुन्हा १९६३-६४ मध्ये मोठी मुसंडी मारली. दुसऱ्या वेळी ती सुमारे ८ किलोमीटर पुढे आली. तिच्यासमोर असे वरंबे आजही पाहता येतात.

दे गीअर हिमोढ पाण्यात टेकलेल्या हिमनदीच्या तोंडाशी बनतात, त्यांच्याविषयी पुढे वेगळा प्रश्न आहे. रोगेन हिमोढ मोठे, फासळ्यांसारखे आणि बर्फाखाली बनलेले असतात. स्वीडनमधल्या रोगेन सरोवरावरून त्यांना हे नाव पडलं, आणि त्यांच्या जन्माबद्दल अजूनही एकमत नाही. एस्कर म्हणजे बर्फाखालच्या बोगद्यातून वाहणाऱ्या नदीने साठवलेल्या वाळू-गोट्यांचा नागमोडी बांध. ड्रमलिन हे प्रवाहाला समांतर लांबुळके उंचवटे. ‘एस्कर’ आणि ‘ड्रमलिन’ हे दोन्ही शब्द आयरिश भाषेतून आले आहेत.

या यादीत हिमनदीशी संबंध नसलेल्या दोन गोष्टीही ध्यानात ठेवा: जुन्या सरोवराच्या काठचे वाळूचे बांध आणि वाऱ्याने रचलेल्या टेकड्या. लांबून त्याही फसवतात. एक खड्डा खणला की हा संशय तासाभरात मिटतो.

टिल म्हणजे नेमकं काय, आणि ते ओळखायचं कसं?

बर्फाने थेट आणून टाकलेला, पाण्याने न निवडलेला गाळ म्हणजे टिल. त्यात पिठासारख्या मातीपासून घमेल्याएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं असतं. नदी तिच्या वेगाप्रमाणे दाणे निवडते, वारा त्याहून काटेकोर निवड करतो. बर्फाला धोंडा आणि धूळ सारखीच, जे सापडेल ते घेऊन जातो.

पण ‘न निवडलेला गाळ म्हणजे टिल’ एवढ्यावर थांबू नका. चिखलाचा लोंढाही असाच कालवलेला असतो. फरक बारकाव्यांत सापडतो. गोट्यांवर एकाच दिशेचे ओरखडे, एका बाजूला घासून सपाट झालेले आणि इस्त्रीसारखे दिसणारे दगड, दूरवरच्या खडकांचे तुकडे, हाताने फुटणार नाही इतका घट्टपणा आणि आडव्या पापुद्र्यांत सुटण्याची सवय ही लक्षणं एकत्र दिसली तर तो बर्फाच्या तळाशी बसलेला टिल असण्याची शक्यता मोठी.

खणायला सुरुवात कुठून करावी?

वरंब्याच्या माथ्यावर एक खड्डा घेऊन परत येणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. माथा, दोन्ही उतार आणि दोन वरंब्यांमधली सखल जागा, इतकं तरी पाहायला हवं. सखल जागेतला गाळ पाहिल्याशिवाय वरंब्यातला गाळ वेगळा आहे की तोच आहे, हे कसं ठरवणार? भेगेत चढलेला गाळ आणि शेजारच्या तळातला गाळ मुळात एकच असतो, त्यामुळे हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो.

चर वरंब्याला काटकोनात घ्यावा. आतली घडी, आतला तिरपा सरक-पृष्ठभाग, थर कुठल्या बाजूला झुकले आहेत हे आडव्या छेदातच दिसतं. वरंब्याच्या लांबीने खणलं तर सगळे थर आडवे वाटतात आणि माणूस निर्धास्तपणे चुकीचा निष्कर्ष काढतो. रस्त्यासाठी किंवा खाणीसाठी कुणी आयता काप घेतलेला असेल तर उत्तम, पण त्याचं तोंड करणीने ताजं करून घ्या. उन्हापावसाने सुकलेल्या पृष्ठभागावर घरंगळून आलेली माती चिकटलेली असते.

मग चित्र काढा. फोटो काढाच, पण हाताने काढलेलं चित्र फोटोच्या आधी. चित्र काढताना डोळा प्रत्येक सीमारेषेवर थांबतो.

गोट्यांची दिशा का मोजतात?

या सगळ्या उपद्व्यापाचा गाभा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

लांबट गोटा सरकत्या गाळात अडकला की तो फिरतो आणि हळूहळू सरकण्याच्या दिशेशी जुळवून घेतो. पत्त्यांचा कॅट हाताने तिरपा ढकलला की प्रत्येक पान खालच्या पानावरून थोडं पुढे सरकतं. बर्फाच्या तळाशी गाळही तसाच थराथराने सरकतो. खूप सरकल्यावर बहुतेक लांबट गोट्यांचे अक्ष प्रवाहाला समांतर येतात आणि त्यांची प्रवाहाच्या वरच्या बाजूची टोकं किंचित खाली झुकलेली राहतात. या मांडणीला गाळाचं फॅब्रिक म्हणतात.

मोजणी साधी आणि कंटाळवाणी. एका जागी, शक्यतो हातभर चौरसात, २५ ते ५० गोटे निवडायचे. गोट्याचा लांब अक्ष आडव्या अक्षाच्या किमान दीडपट असावा, नाहीतर दिशेला अर्थ राहत नाही. गोटा हलकेच मोकळा करायचा, त्याची जागा न बिघडवता अक्षाची दिशा होकायंत्राने आणि कल नतिमापकाने घ्यायचा. पन्नास गोट्यांना अर्धा दिवस सहज जातो. मोठ्या धोंड्याच्या शेजारचे गोटे घेऊ नयेत, कारण धोंड्याला वळसा घालताना ते भरकटलेले असतात.

पुढे या सगळ्या दिशांचा गणिती गोषवारा तीन आकड्यांत मांडतात: एस-१, एस-२, एस-३. तिघांची बेरीज नेहमी १. गोटे वाटेल तसे पडले असतील तर तिन्ही ०.३३ च्या जवळ. सगळे एकाच दिशेला असतील तर एस-१ हा १ कडे जातो. प्रयोगशाळेत टिल गोल साच्यात घालून लांब अंतर सरकवला, तर तो ०.८ च्या आसपास किंवा त्याहून वर जाऊन स्थिरावतो. म्हणून प्रत्यक्ष रानात ०.५ मिळाला तर विचारायला हवं: हा गाळ कमी सरकला, की सरकल्यानंतर त्याला कुणीतरी पुन्हा विस्कटलं?

मग कुठल्या वरंब्यात कसं फॅब्रिक अपेक्षित असतं?

खणण्याआधी हा तक्ता डोक्यात तयार हवा. नंतर तयार केला तर माणूस मिळालेल्या आकड्यांना शोभेल अशी गोष्ट रचतो.

वरंबा बर्फाखालीच, एकसारख्या सरकण्यातून घडला असेल तर माथ्यावर आणि सखल भागात फॅब्रिक जवळपास एकच असेल: प्रवाहाला समांतर, घट्ट.

ढकल-हिमोढात बर्फाकडच्या बाजूला दाबाच्या खुणा असतील, म्हणजे बर्फाकडे झुकलेले थर, घड्या, एकावर एक चढलेले तुकडे. पुढच्या उतारावर घरंगळलेल्या चिखलाचे सैल थर आणि मधे मधे पाण्याने धुतलेली वाळू. तिथलं फॅब्रिक उताराच्या दिशेने, आणि कमकुवत. बर्फाकडचा उतार मंद आणि पुढचा तीव्र, हेही अनेकदा दिसतं.

भेग-वरंब्यात गाळ दोन्ही बाजूंनी आत आला आणि मग वर चढला. त्यामुळे माथ्याजवळ गोटे उभे किंवा भेगेच्या भिंतींना समांतर असण्याची अपेक्षा आहे, आणि दोन उतारांवरची मोजमापं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखी. खाली तळाशी मात्र जुनं, प्रवाहाला समांतर फॅब्रिक शाबूत राहिलेलं सापडू शकतं. एकाच चरात खाली एक आणि वर दुसरं असं दोन पिढ्यांचं फॅब्रिक दिसणं, यासारखा आनंद मला तरी या कामात दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

गोटेच नसतील तर? सगळी बारीक मातीच असेल तर?

तर चुंबकीय पद्धत. गाळातल्या मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे सूक्ष्म दाणेही लांबट असतात आणि सरकताना तसेच जुळतात. बाहेरून सौम्य चुंबकीय क्षेत्र दिलं की नमुना एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी चुंबकीय होतो. ही असमानता मोजली की दाण्यांची सरासरी मांडणी कळते. सर्वाधिक चुंबकीयतेच्या अक्षाला के-१ म्हणतात.

यासाठी सुमारे २ सेंटिमीटर बाजूच्या प्लास्टिकच्या डब्या गाळात हलकेच बसवतात, प्रत्येकीवर दिशा नोंदतात आणि मग कापून काढतात. एका जागी वीस-पंचवीस. डबी हातोडीने ठोकू नका: गाळ डबीच्या कडेला घासतो आणि तुम्ही हिमनदीऐवजी तुमच्या हातोडीचं फॅब्रिक मोजता. आधी गाळाचा चौकोनी खांब कोरून घ्या आणि डबी वरून सरकवा.

गोट्यांच्या मोजणीत माणसाचा कल नकळत शिरतो, कारण डोळ्याला जे सुबक दिसतं तेच हात उचलतो. डब्यांमध्ये ही अडचण उरत नाही. उलट बाजूही आहे. चुंबकीय दाणे कोणत्या खनिजाचे आहेत हे आधी तपासावं लागतं, कारण काही खनिजांमध्ये चुंबकीय अक्ष आणि दाण्याचा लांब अक्ष जुळत नाहीत. ती तपासणी टाळून काढलेल्या दिशा नकाशावर झोकदार दिसतात, पण त्यांवर भरवसा ठेवू नये.

चाळणी लावून काय कळतं?

दाण्यांचं प्रमाण: २ मिलिमीटरच्या वर खडे, २ ते ०.०६३ वाळू, त्याखाली गाळवट आणि सर्वांत बारीक चिकणमाती. वरंब्यातल्या आणि सखल भागातल्या टिलचं प्रमाण सारखं निघालं तर दोन्हींचा उगम एक. वरंब्यात बारीक दाणे कमी असतील तर पाण्याने धुऊन नेले असावेत, म्हणजे उघड्यावर किंवा वाहत्या पाण्याच्या शेजारी तो बनला. एकट्या चाळणीवर निकाल देऊ नये, एवढं पुरे.

गोट्यांचा आकार आणि त्यांवरचे ओरखडे किती विश्वासार्ह?

तुलना केली तर बरेच. दरडीतून बर्फावर पडून वरच्यावर प्रवास केलेला दगड टोकदार आणि चपटा राहतो. तळाशी रगडला गेलेला दगड ठोकळ्यासारखा, कडा बोथट, अंगावर ओरखडे. नदीतून आलेला गुळगुळीत. हे आकड्यांत मांडायला दोन साधे निर्देशांक वापरतात: सी-४०, म्हणजे ज्यांचा सर्वांत आखूड अक्ष लांब अक्षाच्या ०.४ पट किंवा त्याहून कमी आहे अशा दगडांची टक्केवारी, आणि टोकदार दगडांची टक्केवारी. दोन्ही कमी असतील तर गाळ तळातून आला. दोन्ही जास्त तर बर्फाच्या पाठीवरून. मात्र एकाच प्रकारच्या खडकाचे दगड घेऊन तुलना करा. पाटीसारखा फुटणारा खडक कितीही रगडला तरी चपटाच राहणार.

बर्फाचं वजन गाळाला आठवतं, असं म्हणतात. म्हणजे काय?

मातीवर एकदा मोठा भार पडून गेला की ती दबते आणि भार काढल्यावर पूर्ण फुगत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यावर टप्प्याटप्प्याने भार वाढवला की एका बिंदूपर्यंत तो ताठ राहतो आणि त्यापुढे भराभर दबू लागतो. तो बिंदू म्हणजे पूर्वी सोसलेला सर्वाधिक परिणामी दाब. स्थापत्य अभियंते पाया घालताना हीच चाचणी करतात.

इथे ‘परिणामी’ हा शब्द महत्त्वाचा. १०० मीटर जाड बर्फाचं वजन सुमारे ९०० किलोपास्कल दाब देतं. पण तळाशी पाणी अडकलं असेल तर ते पाणी बर्फाला उचलून धरतं आणि मातीच्या दाण्यांवर त्यातला थोडाच भाग येतो. त्यामुळे शेकडो मीटर बर्फाखाली असलेला टिलही काहीशे किलोपास्कलच दाब दाखवतो. असा आकडा पाहून ‘इथे बर्फ पातळ होता’ असं म्हणू नका, ‘इथे पाण्याचा दाब जास्त होता’ ही शक्यता आधी तपासा.

वरंब्यांच्या बाबतीत उपयोग असा: माथ्यावरचा गाळ सैल आणि सखल भागातला घट्ट असेल तर माथ्यावर बर्फाचा पूर्ण भार आलाच नाही, जसं भेगेत चढलेल्या किंवा बर्फाबाहेर ढकललेल्या गाळाचं होतं. दोन्हीकडे सारखाच घट्ट असेल तर वरंबा बर्फाखाली तयार झाला आणि बर्फाखालीच राहिला.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं?

न हललेला नमुना राळेत भिजवून कडक करतात आणि त्याचा इतका पातळ काप काढतात की प्रकाश आरपार जातो. मोठ्या दाण्याभोवती बारीक दाणे गोल फिरल्यासारखे रचलेले दिसतात, मातीच्या पट्ट्या एका दिशेला ओढलेल्या दिसतात, पाणी निसटून गेल्याच्या वाटा दिसतात. डोळ्यांना एकजिनसी वाटणाऱ्या टिलमध्ये घड्यांवर घड्या सापडतात. काम महागडं आणि सावकाश आहे, म्हणून मोजक्या जागी करतात.

या पद्धतींनी एखादा जुना वाद प्रत्यक्षात सुटला आहे का?

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरच्या पर्वात उत्तर अमेरिकेवर पसरलेल्या लॉरेंटाइड हिमस्तराची एक लांब जीभ दक्षिणेकडे उतरली होती. तिला डे मॉइन लोब म्हणतात. तिच्या मुलखात शेकडो बुटके वरंबे आहेत, कपडे धुण्याच्या खाचदार फळीसारखे एकामागून एक. त्यावरूनच त्यांना वॉशबोर्ड हिमोढ असं नाव पडलं.

ते वार्षिक आहेत असं मानण्याचा मोह मोठा होता. तसं असतं तर वरंबे मोजून हिमनदीच्या माघारीचं कॅलेंडरच हाती आलं असतं. दुसरा पक्ष म्हणत होता की हे तळाच्या भेगांत चढलेल्या टिलचे साचे आहेत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एका बाजूला लायडारवरून वरंब्यांच्या अंतरांचं आणि रचनेचं विश्लेषण झालं, तर दुसऱ्या बाजूला वरंब्यांतल्या टिलचं चुंबकीय फॅब्रिक आणि इतर गुणधर्म मोजले गेले. दोन्हींचा कौल एकाच बाजूला पडला: हिमनदी मुसंडी मारताना ताणली गेली, तिला आडव्या भेगा पडल्या आणि मऊ टिल तळातून त्यांत शिरला.

याचा अर्थ ते वरंबे वर्षं मोजत नाहीत. ते एका वेगवान धावेची आणि तिच्यानंतर जागीच विरघळलेल्या बर्फाची नोंद आहेत. निव्वळ आकारावर विसंबून वर्षं मोजली असती, तर त्या हिमनदीचा सगळा शेवटच चुकीचा लिहिला गेला असता.

मग वार्षिक वरंबे असतातच का?

असतात. आइसलँडमध्ये दर वर्षी नवा वरंबा तयार होताना लोकांनी पाहिला आहे आणि हवाई छायाचित्रांनी तो पडताळला आहे. स्वीडनमध्ये भूशास्त्रज्ञ गेरार्ड दे गीअर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्यात बनलेल्या बुटक्या हिमोढांना वार्षिक मानलं. हिमसरोवरांच्या तळाशी दर वर्षी बसणाऱ्या जोडथरांची मोजणीही त्यांचीच, आणि ती कालगणनेतली मोठी झेप होती. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की त्यांच्या नावाचे सगळेच हिमोढ वर्षाला एक या हिशेबात बसत नाहीत. काही वर्षांत एकाहून जास्त बनले, काही तोंडामागच्या भेगांत बनले. म्हणून वार्षिक म्हणण्याआधी जोडथरांसारखा स्वतंत्र पुरावा हवा.

समुद्राच्या तळावरही असे वरंबे सापडतात, हे खरं का?

खरं आहे, आणि त्यांनी गेल्या काही वर्षांत झोप उडवली आहे. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळ लार्सन भागात दीड मीटरहून कमी उंचीचे, वीस-पंचवीस मीटर अंतरावरचे वरंबे सापडले. त्यांचा खुलासा असा: तरंगत्या बर्फाचं टेकलेलं टोक भरतीला उचललं जातं, ओहोटीला पुन्हा टेकतं आणि प्रत्येक वेळी खालचा गाळ पिळून एक बारीक वरंबा मागे राहतो. २०२३ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यापलीकडच्या अशा ७,६०० हून अधिक वरंब्यांवरून दिवसाला ५० ते ६०० मीटर इतक्या वेगाने बर्फ मागे हटल्याचं मांडलं गेलं. तो वेग तिथल्या जवळजवळ सपाट तळावर आणि अल्पकाळ टिकला असावा, हेही त्याच कामातून पुढे येतं.

एक वरंबा म्हणजे एक भरती की एक वर्ष, यावर वेगाचा आकडा शेकडो पटींनी बदलतो. इतकं मोल या एका प्रश्नाला आहे.

वरंब्याचं वय कसं काढतात?

टिलमधल्या लाकडाचा किंवा शिंपल्यांचा कार्बन-१४ (अर्धायुष्य ५,७३० वर्षं) जास्तीत जास्त वय देतो, कारण ते लाकूड बर्फ येण्याआधीचं असतं. वाळूच्या दाण्यांनी शेवटचा प्रकाश कधी पाहिला हे ओएसएल पद्धतीने, म्हणजे दाण्यांत साठलेली ऊर्जा प्रकाश टाकून मोजल्यावर, कळतं, पण बर्फाखालच्या टिलला ऊन लागलेलंच नसतं, त्यामुळे मधल्या धुतलेल्या वाळूचे थर शोधावे लागतात. माथ्यावरच्या धोंड्यांत, ते उघड्यावर आल्यापासून वैश्विक किरणांमुळे साठलेला बेरिलियम-१० मोजतात, मात्र धोंडा मातीतून उशिरा वर आला असेल तर वय कमी दिसतं. आणि वय कळलं म्हणून वरंबा कसा बनला ते कळत नाही.

सगळ्यात जास्त फसगत कशाने होते?

जमिनीतल्या पाण्याच्या गोठण-वितळणीने. पाणी गोठताना गोट्यांना वर उचलतं आणि वर्षानुवर्षांत त्यांना उभं करतं. उभे गोटे ही भेग-वरंब्याची खूण असल्याचं वर सांगितलं, तेव्हा धोका लक्षात आला असेल. वरच्या दीडेक मीटरमधलं फॅब्रिक मी निर्णयासाठी वापरत नाही. सुरुवातीला एकदा वापरलं होतं. चार दिवसांचं मोजमाप नंतर बाजूला ठेवावं लागलं, कारण खोल खणल्यावर त्याच जागी गोटे शांतपणे आडवे पडलेले निघाले.

झाडांची मुळं, बिळं करणारे प्राणी आणि नांगर हेही आहेतच. शिवाय खाली विरघळणाऱ्या बर्फामुळे नंतर खचलेला टिल. त्यात जुने घट्ट गठ्ठे शाबूत असतात पण गठ्ठ्यागणिक दिशा बदलते. एकाच जागेवर विसंबलात तर ते कळणार नाही.

गाळाचे पुरावे एकमेकांशी भांडत असतील तर?

आधी हे पाहा की ते एकाच घटनेबद्दल बोलत आहेत का. घट्टपणा बहुधा सर्वाधिक भाराची आठवण ठेवतो, फॅब्रिक शेवटच्या सरकण्याची, आणि गोट्यांचा आकार त्याआधीच्या सगळ्या प्रवासाची. तिन्ही वेगवेगळ्या वेळच्या साक्षी असतील तर भांडण नसतंच. तरीही जुळलं नाही, तर दोन प्रक्रिया एकामागून एक घडल्याची शक्यता घ्या: बर्फाखाली बनलेला वरंबा नंतर तोंडाने पुन्हा ढकलला गेला, असंही होतं. तीही शक्यता चरात दिसली पाहिजे, कागदावर सोयीची वाटते म्हणून घ्यायची नाही.

विद्यार्थ्यांना कमी साधनांत यातलं काय करता येईल?

बरंच. फावडं, करणी, होकायंत्र, नतिमापक, मोजपट्टी, चाळण्यांचा संच आणि वही. एकाच वरंब्यावर चार जागी पन्नास-पन्नास गोटे मोजले, शंभर दगडांचा आकार नोंदवला आणि चराचं नीट चित्र काढलं तर चांगल्या प्रकल्पाएवढा ऐवज जमतो. दिशांचे तीन आकडे काढणारी मोफत सॉफ्टवेअरं आहेत. दोघांनी एकच जागा स्वतंत्रपणे मोजून पाहा. तुमच्या दोघांच्या आकड्यांत जितका फरक निघेल, त्याहून लहान फरकावर हिमनदीबद्दल काही सांगू नका. आणि चराच्या बाजू छातीपेक्षा उंच झाल्या तर आधार दिल्याशिवाय आत उतरू नका. टिल कितीही घट्ट वाटला तरी त्यात वाळूचा ओला थर असेल तर भिंत सूचना न देता सुटते.

काम संपल्यावर चर उघडा ठेवावा का?

नाही. जमीन मालकाची असते आणि पहिल्या पावसात काप ढासळतो. बुजवण्याआधी प्रत्येक थराचा एक-एक नमुना जास्तीचा घ्या, त्यावर दिशेचा बाण, खोली आणि तारीख लिहा आणि चराची जागा नकाशावर बिनचूक टिपा. तुमच्या निष्कर्षावर शंका घेणाऱ्या पुढच्या माणसाला शेजारीच दुसरा चर घेता आला पाहिजे.